न जाणणे आणि जाणून न घेणे

'गोळी' या एका शब्दावर आपण मराठीत किती कामे भागवतो! डॉक्टर देतात ती गोळी, मुलांच्या खिशात चिकटून बसते ती लिमलेटची गोळी, आणि माणसाचा जीव घेते तीही गोळीच. उर्दूत 'गोली'ची तीच गत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुलांना बंदुकीची गोळी काढायला सांगितली, की ती पितळी नळी आणि तिच्या तोंडाशी बसवलेले टोक असे सगळे मिळून एकच चित्र काढतात. खरे म्हणजे ते असते काडतूस. उर्दूतला 'कारतूस' आणि मराठीतला 'काडतूस' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. गोळी म्हणजे त्या काडतुसाचे फक्त टोक, तांब्याचे पातळ आवरण असलेला शिशाचा एक लहानसा तुकडा. तळहातावर घेतला तर काही करत नाही. फुटत नाही, जळत नाही.

हा भेद शब्दकोशापुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण अमेरिकेत या भेदावर एक मोठा व्यापार आणि एक मोठा छंद उभा आहे, आणि त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो प्रश्न बंदूक कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या माणसाला लागू पडतो, म्हणून मला तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत भरलेली बंदुकीची दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी खलास होते, दारू जळून जाते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी. आपल्याकडे वर्तमानपत्रांत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असे वाचतो, ती हीच. पितळ लवचीक धातू असल्यामुळे ही पुंगळी पुन्हा वापरता येते. अमेरिकेतील लाखो शिकारी आणि नेमबाज ती गोळा करून घरी आणतात, स्वच्छ करतात, हाताने दाबायच्या यंत्रात घालून मूळ मापाला आणतात, नवी टोपी बसवतात, तोलून दारू भरतात आणि वर नवी गोळी दाबून बसवतात. घराच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात एक भक्कम टेबल, त्यावर यंत्र, शेजारी तराजू. या कामाला ते 'रीलोडिंग' म्हणतात.

यात गुप्त असे काही नाही. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावात १९४३ साली आरसीबीएस ही कंपनी निघाली. ती या कामाची यंत्रे बनवते. नेब्रास्कातील ग्रँड आयलंड येथे १९४९ पासून हॉर्नडी ही कंपनी गोळ्या बनवते. दुसऱ्या महायुद्धात शिकारीसाठी गोळ्या मिळेनात, तेव्हापासून हा छंद वाढला. आता इंटरनेटवर गोळ्यांचे कॅटलॉग असतात. व्यास निवडा, वजन निवडा, आकार निवडा, शंभरांची पेटी हवी की पाचशेंची ते सांगा, कार्डाचा नंबर द्या. चार दिवसांत पुठ्ठ्याचे एक जड खोके दारात येऊन पडते. वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडे जास्त. सोनार गुंजेचा हिशेब ठेवतो तितक्या काळजीने ही माणसे ग्रेनाच्या दहाव्या भागाचा हिशेब ठेवतात. दारूत थोडा फरक पडला तर नेम चुकतो, आणि जास्त पडली तर बंदूक हातात फुटू शकते.

या पार्सलच्या प्रवासात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दारू किंवा टोप्या मागवल्या तर धोकादायक मालाचे वेगळे शुल्क भरावे लागते, त्यांची वाहतूक वेगळ्या नियमांनी होते. नुसत्या गोळ्यांना यातले काही लागत नाही. त्या पुस्तकासारख्या, चपलेच्या जोडासारख्या येतात. हिशेब सरळ आहे. कुरिअरवाल्याला एवढेच विचारायचे असते, की हा माल माझ्या गाडीत पेट घेईल का? घरी पोचल्यावर त्याचे काय होईल, हा त्याचा प्रश्न नाही. मग तो कोणाचा प्रश्न आहे? येथूनच माझा विषय सुरू होतो.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर अनेकदा दिले आणि अनेकदा मागे घेतले. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती टपालाने मागवलेल्या रायफलने. खोट्या नावाने मागणी पाठवली होती. पुढे १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले. त्याच वर्षी अमेरिकेने बंदूक नियंत्रणाचा कायदा केला. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर पुंगळी, टोपी, गोळी आणि दारू असे चारही भाग घातले. विकणाऱ्याला परवाना आला, गिऱ्हाइकाची नोंद ठेवणे आले, टपालाने विक्री बंद झाली. अठरा वर्षांनी, १९८६ साली, दुसऱ्या कायद्याने दारूगोळ्यापुरती ही बंधने काढून टाकली. कारणही अगदीच टाकाऊ नव्हते. दुकानांच्या वह्यांत नोंदींचे ढीग साचले, पण तपासाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, असे कायदा राबवणाऱ्या खात्याचेच मत होते. पुढे इंटरनेट आले आणि उघडलेल्या दारातून सगळा व्यापार आत शिरला.

आपल्या देशात चित्र अगदी वेगळे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. परवान्यावाचून गोळ्यांची पेटी मागवणे आणि घरात बसून काडतूस भरणे आपल्याकडे छंद होऊ शकत नाही, तो गुन्हा होतो. मला हे बरे वाटते. पण कायदा कडक आहे म्हणून प्रश्न सुटला, असे मात्र वाटत नाही. कायदा सांगतो ते काय विकू नये हे. विकणाऱ्याच्या मनावर किती भार असावा, हे तो सांगत नाही. त्यासाठी दुसरीकडे पाहावे लागते.

गंमत अशी, की हा सुट्या भागांचा प्रश्न फार जुना आहे. बाराव्या शतकातील फरगाणा प्रांताचे फकीह बुऱ्हानुद्दीन मर्गीनानी यांचा 'हिदाया' हा ग्रंथ आपल्या मदरशांतून आजही शिकवला जातो. कंपनी सरकारच्या कोर्टांसाठी चार्ल्स हॅमिल्टन याने त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो १७९१ साली छापला गेला. हिदायात बंडखोरांविषयीच्या प्रकरणात एक मुद्दा येतो. फितना माजवणाऱ्यांना शस्त्र विकणे त्यात मकरूह, म्हणजे नापसंत ठरवले आहे. पण हे शस्त्राबद्दल. ज्यावर कारागिरी केल्याशिवाय लढता येत नाही अशी वस्तू, म्हणजे उदाहरणार्थ लोखंड, विकण्याला ते लागू नाही. दाखलेही रोजच्या बाजारातले दिले आहेत. वाजवण्याचे वाद्य विकणे नापसंत, पण लाकूड विकणे नाही. मद्याचा आणि द्राक्षांचा हिशेबही तसाच. आणखी एक अट आहे. साध्या शहरात, साध्या लोकांना, ज्याच्याविषयी तो फितन्यातला आहे असे माहीत नाही त्याला शस्त्र विकायला हरकत नाही.

या विचारात दोन किल्ल्या आहेत. पहिली कारागिरीची. विकलेली वस्तू आणि घडणारे पाप यांच्यामध्ये दुसऱ्या माणसाचे किती हात पडतात? जितके हात जास्त, तितके विकणाऱ्याचे ओझे कमी. दुसरी किल्ली माहितीची. विकणाऱ्याला गिऱ्हाइकाबद्दल काय माहीत होते? याच परंपरेतील विद्वानांत द्राक्षरसाच्या बाबतीत मतभेद होते. मद्य करणाऱ्याला रस विकायला इमाम अबू हनीफा यांनी हरकत घेतली नाही, पण त्यांचे दोन थोर शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी घेतली. म्हणजे गुरू-शिष्यांतसुद्धा एकमत झाले नाही, इतका हा प्रश्न अवघड. आपल्याला आज उत्तर चटकन सापडले नाही तर त्यात कमीपणा नाही.

आता गोळीला या किल्ल्या लावून पाहू. ती लोखंड आहे की तलवार?

कारागिरी बाकी आहे, हे खरे. पुंगळी, टोपी, दारू आणि माणसाचा हात यांच्याशिवाय ती निर्जीव तुकडा. पण ती नुसते लोखंडही नव्हे. लोखंडाचा नांगर होतो, कढई होते. या गोळीचे दुसरे काही होत नाही. इतकेच काय, तिच्या आकारातच तिचे काम लिहिलेले असते. कोलकात्याजवळच्या डमडम येथील इंग्रजांच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात एक गोळी तयार झाली. टोकावरचे आवरण काढून शिसे उघडे ठेवलेले, त्यामुळे शरीरात शिरल्यावर ती पसरे आणि मोठी जखम करी. तेव्हापासून पसरणाऱ्या गोळीला जगभर 'डमडम' म्हणू लागले. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा निघाला. इंग्रजांनी तो मान्य केला १९०७ साली.

पण नीतीचे प्रश्न असे सरळ सुटत नाहीत. युद्धात जी गोळी अमानुष ठरली, तीच पसरणारी गोळी शिकारीत दयेची मानली जाते. न पसरणारी गोळी हरणाच्या आरपार जाते, ते जखमी होऊन मैलभर पळते आणि झुडपात तडफडत मरते. पसरणारी गोळी त्याला जागीच संपवते. प्राण्याचा जीव घ्यायचाच तर त्याला कमीत कमी यातना व्हाव्यात, सुरी धारदार असावी, ही शिकवण आपल्याला नवी नाही. म्हणजे एकच आकार एके ठिकाणी क्रौर्य आणि दुसऱ्या ठिकाणी करुणा. मग पेटीतल्या गोळीकडे पाहून ती कोणाच्या वाट्याची आहे हे कळायचे कसे? वस्तू तोंड उघडत नाही. माणसाकडेच पाहावे लागते. पहिली किल्ली अर्धीच फिरते आणि दुसरीची, माहितीची, गरज पडते.

आणि नेमके तेथेच आजचा व्यापार डोळे मिटतो.

२० जुलै २०१२ च्या रात्री कोलोरॅडोतील ऑरोरा येथे एका चित्रपटगृहात गोळीबार झाला. बारा जण मेले. मारेकऱ्याने सुमारे दोन महिन्यांत सहा हजारांहून अधिक काडतुसे इंटरनेटवरून मागवली होती, असे पोलिसप्रमुखांनी सांगितले. मेलेल्या एका तरुणीच्या आईवडिलांनी विक्रेत्यांवर दावा लावला. त्यांचे म्हणणे एवढेच, की तुम्ही गिऱ्हाइकाला काही विचारले का नाही? २००५ साली झालेला एक कायदा शस्त्र आणि दारूगोळा विकणाऱ्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण देतो. त्याच्या आधारे २०१५ मध्ये दावा फेटाळला गेला. वर विक्रेत्यांच्या वकिलांचा खर्च, दोन लाख डॉलरहून अधिक, त्या आईवडिलांनी द्यावा असा आदेश झाला.

हे वाचून आपला संताप होतो. पण संतापाच्या पलीकडे जाऊन विक्रेत्याची बाजूही ऐकली पाहिजे. सहा हजार हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, पण स्पर्धेत उतरणारा नेमबाज काही महिन्यांच्या सरावात तितकी काडतुसे उडवतो. आकड्यावरून खुनी ओळखता येत नाही. शिवाय दोरी विकणारा, सुरी विकणारा, उंदराचे औषध विकणारा यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात डोकवावे काय? वाण्याने फौजदार व्हावे काय?

या प्रश्नापुढे मी बराच वेळ थांबले, कारण 'गिऱ्हाईक ओळखा' असे म्हणणे मला वाटते तितके निरुपद्रवी नाही. 'ओळखणे' आणि 'संशय घेणे' या दोन गोष्टी बाजारात फार लवकर एकमेकींत मिसळतात. भाड्याचे घर पाहायला गेल्यावर नाव विचारले जाते आणि मग 'कालच दिली हो खोली' असे उत्तर मिळते, हा अनुभव या वार्षिकाच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. दुकानदाराला गिऱ्हाइकाची पारख करायला सांगितले, तर तो दाढी पाहील, बुरखा पाहील, कातडीचा रंग पाहील, आडनाव पाहील. अमेरिकेत काळ्या माणसाला हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आला आहे. म्हणून गिऱ्हाइकाची ओळख ही दुकानदाराच्या नजरेवर सोपवता येत नाही. जे विचारायचे ते सगळ्यांना सारखे विचारले पाहिजे, आणि ते माणसाच्या नावावरून नव्हे, त्याच्या कृत्यांच्या नोंदीवरून ठरले पाहिजे.

असा एक प्रयत्न कॅलिफोर्नियाने केला. १ जुलै २०१९ पासून तेथे काडतुसे घेणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली जाऊ लागली. परराज्यातून मागवलेला मालही परवानाधारक दुकानातूनच हाती पडू लागला. सुरुवातीच्या महिन्यांत नाव-पत्त्याच्या नोंदी जुळत नाहीत म्हणून काही गुन्हा नसलेले हजारो लोकही परत पाठवले गेले. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. दोन बाजू कशा भांडतात, हे यातून दिसते. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्या एका गोष्टीने. ही तपासणी ठेवली होती ती तयार काडतुसाला. नुसती गोळी, नुसती पुंगळी त्यात धरली नव्हती. आठशे वर्षांपूर्वीचा लोखंड आणि तलवार यांतला फरक येथे पुन्हा, नकळत, उभा राहिलेला दिसतो.

आता दुसरी घटना. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास वेगासमध्ये एका हॉटेलच्या खिडकीतून खाली जमलेल्या गाण्याच्या मैफलीवर गोळीबार झाला. त्या रात्री अठ्ठावन्न माणसे मेली. जखमांनी पुढे गेलेल्यांना धरून हा आकडा साठ झाला. मारेकऱ्याच्या खोलीत न झाडलेली काही काडतुसे सापडली. त्यांवर ॲरिझोनातील एका माणसाच्या बोटांचे ठसे होते. तो व्यवसायाने इंजिनिअर, आणि घरी काडतुसे भरून विकणारा. स्वतःसाठी घरात काडतूस भरायला तेथे परवाना लागत नाही, दुसऱ्याला विकण्यासाठी भरायला लागतो. त्याच्याकडे तो नव्हता. परवान्यावाचून दारूगोळा बनवल्याच्या गुन्ह्याबद्दल २०२० साली त्याला तेरा महिन्यांची कैद झाली. हत्याकांडाचा आरोप त्याच्यावर नव्हता.

या माणसाने पत्रकारांना सांगितले, की मी गिऱ्हाइकाला विचारले होते, हे घेऊन काय करणार? तो म्हणाला, मित्रांबरोबर रात्री रोषणाई करणार. प्रकाशाची रेघ ओढत जाणारी काडतुसे त्याने घेतली होती, त्यामुळे उत्तर पटण्यासारखे होते.

म्हणजे विचारूनही उपयोग झाला नाही. मग विचारण्याचे महत्त्व काय उरले?

मला वाटते, येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. विचारल्याने अनर्थ टळतो का, हा एक प्रश्न. विचारणे हे माझे कर्तव्य आहे का, हा दुसरा. डॉक्टर रोग्याला आधी विचारतो, तुला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? रोगी कधी खोटे सांगतो, कधी विसरतो. म्हणून डॉक्टरने विचारणे सोडावे असे कोणी म्हणत नाही. विचारून फसला तो फसवला गेला. न विचारता फसला तो फसवला गेला असे म्हणवत नाही. त्याने फसण्याची सोय करून ठेवली होती.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या एका निकालात सांगितले, की शस्त्र बाळगण्याच्या गुन्ह्यात ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. वस्तू आपल्याकडे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही. हे न्यायाचेच बोलणे आहे. सगळ्या सुसंस्कृत कायद्यांत शिक्षा जाणिवेला मिळते. पण त्याची एक काळी सावली पडते. जाणण्याला शिक्षा असेल तर धंदा न जाणायला शिकतो. कमीत कमी विचारा, म्हणजे कमीत कमी माहीत असेल, म्हणजे कमीत कमी जबाबदारी येईल. अज्ञान हे मग दुर्दैव राहत नाही, ती सोय होते.

आणि हे अज्ञान खरे तरी असते का? जुन्या काळचा दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा पाहत होता, फार तर बापाचे नाव जाणत होता. आजच्या ऑनलाइन दुकानाला गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोन, कार्ड ठाऊक असते. गेल्या वर्षी काय घेतले, कोणत्या वस्तूवर किती वेळ थांबला, काय टोपलीत टाकून परत काढले, याची नोंद ठेवता येते. त्यावरून 'तुम्हाला हेही आवडेल' असे सुचवता येते. ज्या कोणाला विकायचे आहे, त्याच्याविषयी सगळे जाणून घेण्याची एवढी ताकद आजवर कोणत्याही वाण्याजवळ नव्हती. ही ताकद दुसरी पेटी खपवायला वापरता येते आणि एक साधा प्रश्न विचारायची वेळ आली की 'आम्हाला काय माहीत?' म्हणता येते. हे न जाणणे नव्हे. हे जाणून न घेणे आहे. मराठीत दोन शब्दांचाच फरक, पण माणसाची नियत त्या दोन शब्दांमध्ये उभी असते.

याच जगात एक उलटे उदाहरणही आहे, आणि ते सांगितले नाही तर घरी काडतुसे भरणाऱ्या साध्या माणसांवर अन्याय होईल. या छंदातल्या लोकांचा एक पक्का दंडक आहे, दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या बंदुकीत घालायचे नाही. का? कारण त्यात किती दारू आहे, कशी भरली, त्या वेळी भरणाऱ्याचे लक्ष कुठे होते, हे आपल्याला माहीत नाही. स्वतः भरलेल्या प्रत्येक पेटीवर ते चिठ्ठी लावतात. तारीख, दारूचे नाव, वजन, गोळीचा प्रकार, सगळे लिहितात. तयार काडतुसांचा डबा घेणाऱ्याला आपण काय हाताळतो आहोत याची क्वचितच इतकी जाण असते. आपल्या जिवाचा प्रश्न आला की माणूस एका ग्रेनाच्या दहाव्या भागाइतकी माहिती मागतो. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आला की तोच बाजार एक प्रश्नही न विचारता पाचशेंची पेटी पाठवतो. अडचण जाणण्याच्या क्षमतेची नाही, हे या दंडकावरून कळते. कोणाच्या जिवासाठी जाणायचे, हे आपण आधीच ठरवलेले असते.

जाणल्यावर माणूस बदलतो, याचाही दाखला गोळ्यांच्याच बाजारात आहे. कॅलिफोर्नियातील कोंडॉर हे प्रचंड गिधाड १९८२ साली जगात अवघे बावीस उरले होते. त्याच्या नाशाचे एक मोठे कारण होते शिसे. शिकाऱ्याने मारलेल्या प्राण्याचे अवशेष ते खाई, आणि गोळीचे बारीक कण त्याच्या पोटात जात. शिकाऱ्याने गिधाडावर नेम धरला नव्हता. त्याला हे माहीतच नव्हते, आणि जोवर माहीत नव्हते तोवर त्याला दोष देणे कठीण. पण संशोधनाने ते उघड झाले. २०१९ पासून त्या राज्यात शिकारीला शिशाच्या गोळीची बंदी आली, आणि तेथे गोळ्यांची पेटी मागवणारा शिकारी आता तांब्याची गोळी निवडतो. काही जण बंदी येण्याआधीच स्वतःहून वळले होते. गोळी सुटून हरणाला लागली, तेथे आपले काम संपले असे ज्याला वाटत होते, त्याला कळले की ती पुढेही प्रवास करते. एकदा कळल्यावर 'मला काय माहीत' हे वाक्य त्याच्याजवळ उरले नाही.

तर मग जबाबदारी कोणाची? माझे उत्तर असे. चार भाग जोडून ज्याच्या हातात काडतूस पुरे झाले आणि ज्याने चाप ओढला, त्याची जबाबदारी कोणाला वाटून देता येत नाही. ती अखंड आहे. पण ती अखंड आहे म्हणून विकणाऱ्याची शून्य होत नाही. जबाबदारी ही भाकरीसारखी नसते, की एकाने पुरी घेतली तर दुसऱ्याला उरत नाही. ती दिव्यासारखी आहे. एकाने लावला म्हणून दुसऱ्याचा विझत नाही. पुंगळी विकणाऱ्याने, टोपी विकणाऱ्याने, गोळी विकणाऱ्याने 'मी तर एकच भाग दिला' म्हणून आपापला दिवा फुंकला, तर अंधार पुरा होतो, आणि त्या अंधाराचा मालक कोणी सापडत नाही.

विकणाऱ्याने खुनी ओळखावा, अशी माझी अपेक्षा नाही. ते कोणाला जमत नाही. त्याने सगळ्यांना सारखे विचारावे, उत्तराची नोंद ठेवावी, आणि स्वतःला खरोखर काय माहीत आहे याविषयी स्वतःशी खोटे बोलू नये, एवढेच. यात नुकसान होईल ते चार पेट्यांच्या खपाचे.

नववीच्या वर्गात एकदा 'जिम्मेदारी' या विषयावर बोलणे चालले होते. एका मुलाने विचारले, "टीचर, नुसते सामान देणाऱ्याला गुनाह लागतो का?" वर्गात लगेच दोन तट पडले. कोणी म्हणाले लागतो, कोणी म्हणाले नाही. एक मुलगी मात्र म्हणाली, "त्याने विचारले होते का, ते आधी सांगा." मी फळ्यावर तिचे वाक्य लिहिले आणि तास संपेपर्यंत आम्ही त्याच्यावरच बोलत राहिलो. इमाम अबू हनीफा आणि त्यांच्या शिष्यांत जे एकमत झाले नाही, ते नववीच्या वर्गात होणे शक्य नव्हते. पण कुठून सुरुवात करायची, ते त्या मुलीला बरोबर कळले होते.